चौथा गडी आला आणि काम लांबले

तुम्ही बीड जिल्ह्यातील एखाद्या शाळेत शिकत असाल, तर दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्गातील काही बाके रिकामी होताना तुम्ही पाहिली असतील. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील तालुक्यांतून हजारो कुटुंबे या दिवसांत ऊसतोडणीसाठी गाव सोडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कोणी पुणे-अहिल्यानगरकडे, तर कोणी सीमा ओलांडून कर्नाटकात. घरी परतायला पाडवा उजाडतो, कधी त्याहूनही उशीर होतो.

कोयता हे ऊस तोडण्याचे हत्यार. पण ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. अशा अनेक कोयत्यांची मिळून एक टोळी होते आणि टोळीवर एक मुकादम असतो. या टोळ्यांना कामाला लावणाऱ्या साखर कारखान्यापुढे रोज सकाळी एकच प्रश्न उभा असतो : कोणते काम, कोणी, कोठे आणि केव्हा करायचे?

जगातील मोठमोठ्या संगणकांपुढेही रात्रंदिवस नेमका हाच प्रश्न असतो. त्याचे शास्त्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभे राहिले आहे. आज आपण त्या शास्त्राची ओळख करून घेऊ. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि थोडा धीर एवढे पुरे.

फडापासून गव्हाणीपर्यंत

उसाचा प्रवास कसा होतो ते आधी पाहू. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे कोणी ऊस केव्हा लावला याची नोंद असते. ऊस पक्व झाला की त्या फडाला तोड मिळते. टोळी फडात उतरते, ऊस तोडते, पाला व वाढे काढून मोळ्या बांधते. मोळ्या बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा ट्रकमध्ये भरल्या जातात. गाडी कारखान्यावर येते, काट्यावर तिचे वजन होते आणि शेवटी ऊस गव्हाणीत पडतो. गव्हाण म्हणजे उसाला गाळपयंत्राकडे नेणारा फिरता पट्टा.

या साखळीत तीन बंधने आहेत. पहिले बंधन क्रमाचे. तोडल्याशिवाय मोळी बांधता येत नाही आणि गाडी भरल्याशिवाय काट्यावर नेता येत नाही. दुसरे बंधन यंत्राचे. समजा, एखादा कारखाना रोज २,५०० टन ऊस गाळतो. म्हणजे ताशी सुमारे १०४ टन ऊस गव्हाणीत पडलाच पाहिजे, अगदी मध्यरात्रीसुद्धा. गव्हाण रिकामी राहिली तर यंत्रे थांबतात आणि ती पुन्हा चालू करण्यात इंधन व वेळ वाया जातो.

तिसरे बंधन उसाचे स्वतःचे. तोडलेला ऊस वाळतो आणि त्याचे वजन घटते. शिवाय त्यातील साखरेचे रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होऊ लागतात, आणि या शर्करांचे पांढरे दाणे कारखान्यात मिळत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो एका दिवसाच्या आत गाळावा लागतो. थोडक्यात, तोड कमी झाली तर यंत्र उपाशी राहते आणि तोड जास्त झाली तर आवारात गाड्यांची रांग लागून ऊस वाळत बसतो.

आता गव्हाण रिकामी पडू लागली की कोणाच्याही मनात पहिला विचार येतो तो हा : आणखी एक टोळी आणा. माणसे वाढली की काम लवकर उरकेल, यात शंका कसली?

शंका आहे. ती खरी की खोटी हे आपण एका छोट्या उदाहरणावर पडताळून पाहू. ऊस क्षणभर बाजूला ठेवा आणि आपल्या शाळेत चला.

नऊ कामे, तीन मुले

शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचे आहे. गुरुजींनी फळ्यावर नऊ कामांची यादी लिहिली आहे :

१. भिंतीला चुना देणे व ती वाळू देणे – ३ तास
२. वर्ग झाडणे – २ तास
३. बाके हलवणे – २ तास
४. बाजारातून पुठ्ठे आणणे – २ तास
५. पहिला तक्ता रंगवणे – ४ तास
६. दुसरा तक्ता रंगवणे – ४ तास
७. तिसरा तक्ता रंगवणे – ४ तास
८. चौथा तक्ता रंगवणे – ४ तास
९. भिंतीवर बीड जिल्ह्याचा मोठा नकाशा काढणे – ९ तास

येथे दोन अटी आहेत. पुठ्ठे आल्याशिवाय एकही तक्ता रंगवता येणार नाही. म्हणजे पाच ते आठ ही कामे चौथ्या कामावर अवलंबून आहेत. तसेच चुना देऊन भिंत वाळल्याशिवाय नकाशा काढता येणार नाही, म्हणजे नववे काम पहिल्यावर अवलंबून आहे.

गुरुजींचे नियमही साधे आहेत. एका कामाला एकच मूल. हाती घेतलेले काम अर्धवट सोडायचे नाही. जो मोकळा होईल त्याने यादी वरून खाली वाचायची आणि करता येण्याजोगे जे पहिले काम दिसेल ते घ्यायचे. काम शिल्लक असताना रिकामे बसायचे नाही. यात अन्यायाचे काहीच नाही, नाही का?

समजा, मुले तीन आहेत : अ, ब आणि क. सुरुवातीला अ चुना देऊ लागतो, ब वर्ग झाडतो, क बाके हलवतो. दोन तासांनी ब आणि क मोकळे होतात. ब बाजारात जातो. क ला मात्र करण्याजोगे काही नाही, कारण पुठ्ठे आलेले नाहीत आणि भिंतही तयार नाही. तो बसून राहतो. तिसऱ्या तासाला अ मोकळा होतो. त्याला यादीत एकच काम शक्य आहे, ते म्हणजे नकाशा. तो नकाशाला लागतो. चौथ्या तासाला पुठ्ठे येतात. ब आणि क एकेक तक्ता घेतात, आठव्या तासाला उरलेले दोन घेतात आणि बाराव्या तासाला संपवतात. अ चा नकाशाही तीन अधिक नऊ, म्हणजे बाराव्या तासालाच पुरा होतो. प्रदर्शन बारा तासांत तयार!

चौथा येतो

हे पाहून चौथा मुलगा ड म्हणतो, “मीही येतो मदतीला.” गुरुजी खूश होतात. यादी तीच, अटी त्याच, नियम तेच. फक्त हात वाढले. आता कागदावर घड्याळ पुन्हा शून्यापासून लावा.

सुरुवातीलाच अ चुन्याला, ब झाडायला, क बाके हलवायला आणि ड बाजारात जातो. दुसऱ्या तासाला ब, क, ड तिघेही मोकळे होतात. पुठ्ठे आलेले आहेत, म्हणून तिघे तीन तक्ते घेतात. तिसऱ्या तासाला अ मोकळा होतो. आता यादीत त्याला दोन कामे शक्य दिसतात : आठवे, म्हणजे चौथा तक्ता, आणि नववे, म्हणजे नकाशा. नियमाप्रमाणे आधी लिहिलेले काम घ्यायचे. तो तक्ता घेतो. नकाशा तसाच राहतो. सहाव्या तासाला ब, क, ड यांचे तक्ते संपतात, तेव्हा कुठे त्यांपैकी एक जण नकाशाला हात घालतो. नकाशाला नऊ तास लागणारच. सहा अधिक नऊ, म्हणजे पंधरा तास!

तीन मुलांना बारा तास लागले आणि चार मुलांना पंधरा. कोणी आळस केला नाही, कोणी चूक केली नाही, तरी काम तीन तासांनी लांबले.

विश्वास बसत नसेल तर स्वतः मांडून पाहा. आणखी एक गंमत करा. मुले तीनच ठेवा, पण सगळी कामे सोपी करून प्रत्येकाचा वेळ एक तासाने कमी करा. चुना २ तास, नकाशा ८ तास, तक्ता ३ तास याप्रमाणे. काम बारा तासांच्या आत संपेल असे वाटते ना? ते संपते तेराव्या तासाला.

हे उदाहरण चुना आणि नकाशाचे असले तरी त्यातील आकडे रोनाल्ड ग्रॅहम या अमेरिकन गणितज्ञाचे आहेत. ते बेल प्रयोगशाळेत काम करीत. एकाच वेळी अनेक प्रक्रियक वापरणाऱ्या संगणकांत अशा उफराट्या गोष्टी घडू शकतात, हे त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले.

लांब साखळी आधी धरा

दोष कोठे होता? चौथ्या मुलात नव्हता, यादीत होता. सगळ्यांत लांब काम यादीच्या तळाशी पडले होते. तीन मुले असताना पुठ्ठे उशिरा आले आणि त्यामुळे योगायोगाने अ ला नकाशा वेळेवर मिळाला. चौथा आल्यावर पुठ्ठे लवकर आले आणि तो योग हुकला.

म्हणून शास्त्रज्ञ काय करतात? प्रत्येक कामापासून शेवटपर्यंतची साखळी किती लांब आहे ते मोजतात. चुन्यापासून सुरू होणारी साखळी ३ + ९ = १२ तासांची आहे. नकाशाची ९ तासांची, पुठ्ठ्यांची २ + ४ = ६, तक्त्याची ४, झाडण्याची व बाकांची प्रत्येकी २. आता यादी याच उतरत्या क्रमाने लिहा : चुना, नकाशा, पुठ्ठे, चार तक्ते, झाडणे, बाके. या यादीने तीन मुले असोत की चार, प्रदर्शन बरोबर बारा तासांत तयार होते.

आणि दहा मुले आली तर? तरीही बाराच तास. चुना आणि नकाशा ही साखळी बारा तासांची आहे आणि ती कितीही हातांनी आखूड होणार नाही. अशा सर्वांत लांब साखळीला निर्णायक साखळी म्हणता येईल. मोठी बांधकामे आणि कारखान्यांची दुरुस्ती यांची आखणी याच कल्पनेवर करण्याची पद्धत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाली.

मग नेहमी सर्वोत्तम यादीच का शोधू नये? नऊ कामे ३,६२,८८० वेगवेगळ्या क्रमांनी लिहिता येतात. एवढे क्रम संगणक चुटकीसरशी तपासील. पण कामे वीस झाली की क्रमांची संख्या २४३ वर सोळा शून्ये इतकी होते. सेकंदाला एक अब्ज क्रम तपासणारा संगणकही त्यासाठी सुमारे ७७ वर्षे घेईल! अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जेफ्री उलमन यांनी १९७५ साली सिद्ध केले की असा प्रश्न, अगदी सगळी कामे सारख्याच वेळेची असली तरी, संगणकशास्त्रातील अतिकठीण प्रश्नांच्या गटात मोडतो. या गटातील कोणत्याही प्रश्नाला झटपट आणि हमखास उत्तर देणारी रीत आजवर सापडलेली नाही.

पण निराश होण्याचे कारण नाही. ग्रॅहम यांनी एक दिलासाही दिला आहे. काम असताना कोणी रिकामे बसायचे नाही, एवढा नियम पाळला तर यादी कितीही वाईट असली तरी लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या दुपटीपर्यंत कधीच जात नाही. चार जणांसाठी तो फार तर पावणेदोन पट होतो. आपल्या उदाहरणात बारा तासांऐवजी एकवीस, त्याच्या वर नाही. सर्वोत्तम सापडत नसेल तर ‘पुरेसे चांगले’ शोधायचे आणि ते किती चांगले आहे याची हमी गणिताने द्यायची, ही या शास्त्राची रीत आहे.

संगणकांचा मुकादम

आता मोठ्या संगणकांकडे वळू. एखाद्या वैज्ञानिक प्रयोगात हजारो, कधी लाखो छोटी कामे असतात. ती एकमेकांवर अवलंबून असतात आणि शेकडो संगणकांवर वाटायची असतात. हे वाटप करणाऱ्या आज्ञावलीला कार्यप्रवाह-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. तिला संगणकांचा मुकादमच समजा.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ साली ‘काँडॉर’ नावाची प्रणाली तयार झाली. लोक घरी गेल्यावर टेबलावरचे संगणक रिकामे पडतात, त्यांना हेरून काम द्यायचे आणि मालक परत आला की काम काढून घ्यायचे, ही तिची मूळ कल्पना. २०१२ पासून ती ‘एचटीकाँडॉर’ या नावाने ओळखली जाते. तिच्याच जोडीने चालणारी ‘पेगासस’ ही प्रणाली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात एवा डीलमन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. शास्त्रज्ञ पेगाससला फक्त कामांचा आराखडा देतो : हे काम झाल्यावर ते, त्यानंतर ते. कोणते काम कोणत्या संगणकावर जाईल आणि त्याला लागणारी माहिती तेथे कशी पोहोचेल, हे पेगासस ठरवते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. ही बातमी जगाला ११ फेब्रुवारी २०१६ रोजी कळली. त्या संकेताच्या शोधात पेगासस आणि काँडॉर यांचा मोठा वाटा होता. एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर असलेल्या दोन वेधशाळांच्या नोंदी, गणिताने आधीच काढून ठेवलेल्या सुमारे अडीच लाख लहर-नमुन्यांशी ताडून पाहायच्या होत्या. ही ताडण्याची कामे एकमेकांवर अवलंबून नसतात, म्हणून ती एकाच वेळी अनेक संगणकांवर चालतात. पण ‘दोन्हीकडे एकच लहर आली का?’ हे तपासणारे काम दोन्हींकडचे निकाल हाती आल्याशिवाय सुरू होत नाही. चुना आणि नकाशा आठवला ना?

आणि हे काही आपल्यापासून फार दूर नाही. बीडला लागून परभणी जिल्हा, त्यापुढे हिंगोली. त्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-भारत वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तिचे दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे असतील. तेथील नोंदींचा अभ्यास करतानाही कामांची अशीच वाटणी करावी लागेल.

या संगणक-मुकादमाचे दोन गुण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक म्हणजे, मधेच एखादा संगणक बंद पडला तर तो सगळे काम पहिल्यापासून सुरू करीत नाही. झालेल्या कामांची नोंद त्याच्यापाशी असते. बिघडलेले काम तो पुन्हा करवून घेतो आणि तेथून पुढे जातो. दुसरा गुण म्हणजे, जे हलवायला जड ते तो शक्यतो हलवत नाही. माहितीचा साठा प्रचंड असेल तर माहिती कामाकडे आणण्यापेक्षा काम माहितीकडे पाठवलेले बरे.

साखर कारखान्यांनीही हेच केले आहे. साधारण दहा टन उसातून एक टन साखर निघते. म्हणून ऊस शहरात न नेता कारखानाच उसाच्या मळ्यांत बांधतात. जमीन हलत नाही, कारखाना हलत नाही, ऊस फार दूर नेता येत नाही. उरतो माणूस. तो हलवायला सर्वांत सोपा, म्हणून बीडहून तो हलतो.

वाट पाहण्याचा हिशेब

येथे संगणक आणि माणूस यांतील फरक आपण विसरता कामा नये. आपल्या उदाहरणात क दोन तास रिकामा बसला तेव्हा आपण त्याची नोंदही घेतली नाही, कारण आपण फक्त शेवटचा तास मोजत होतो. संगणक एक तास रिकामा राहिला तर त्याचे काही बिघडत नाही. पण ऊसतोड मजुराला मजुरी टनावर मिळते. गाडी काट्यापुढे रात्रभर रांगेत उभी राहिली, तर त्या तासांचे टन होत नाहीत आणि पैसेही होत नाहीत. पहाटे पुन्हा फडात उतरायचे असते ते असतेच. संगणकाला थंडी वाजत नाही आणि त्याचे मूल कोपीत एकटे नसते.

म्हणून आखणी करताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा : आपण मोजतो आहोत काय? यंत्र थांबू नये एवढेच मोजले तर आवारात गाड्यांची लांब रांग असलेली चांगलीच, कारण मग गव्हाण कधी रिकामी राहत नाही. पण उसातली साखर मोजली तर ती रांग तोट्याची ठरते. गाडीवानाचे तास मोजले तर आणखीच तोट्याची. गणित तेच, यादी बनवण्याची रीत तीच, पण मोजमाप बदलले की उत्तर बदलते. कोणते मोजमाप घ्यायचे हे संगणक सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते.

करून पाहा : जत्रा, लग्न किंवा शाळेचे संमेलन यांपैकी एका प्रसंगाची दहा-बारा कामे चिठ्ठ्यांवर लिहा. प्रत्येक चिठ्ठीवर वेळ लिहा आणि कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे ते बाणांनी दाखवा. सर्वांत लांब साखळी शोधा. मग दोन वेगळ्या याद्या करून दोन्हींना किती वेळ लागतो ते मांडा. शेवटी प्रत्येक माणूस किती वेळ रिकामा बसला तेही लिहा. शिक्षकांनी हा प्रयोग दोन गटांत करवून घ्यावा : एका गटाने शेवटचा तास लवकर आणायचा, दुसऱ्याने सर्वांची वाट पाहण्याची वेळ कमी करायची. दोन्ही गटांच्या याद्या शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. त्या सारख्या निघतात का ते पाहा.

आणि पाडव्याच्या सुमारास तुमच्या वर्गातील ती बाके पुन्हा भरतील, तेव्हा परत आलेल्या मित्राला विचारा, काट्यावर गाडी किती वेळ थांबते? त्याने सांगितलेले उत्तर वहीत टिपून ठेवा. आपल्या शास्त्राला लागणारी माहिती अशीच जमा होते.